एआरएन: दहा दिवस सलाईन, की घरी गोळ्या?

टिळकवाडीकर:
नागीण-कांजिण्यांचा किंवा हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू डोळ्याच्या पडद्यात शिरला, की कडेकडून पडदा मरत आत येतो. हाच एक्यूट रेटिनल नेक्रोसिस, एआरएन. आपल्याकडे अजून पहिलं वाक्य एकच असतं, 'दहा दिवस दाखल व्हा, शिरेतून असायक्लोव्हिर लावू.' माझं मत उलट आहे. किडनी ठीक, एचआयव्ही निगेटिव्ह, मेंदूज्वराची लक्षणं नाहीत, अशा पेशंटला दाखल करायची गरज नाही. व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम दिवसातून तीनदा, आणि डोळ्यात गॅनसायक्लोव्हिर २ मिलिग्रॅम, ०.१ मिलीत, आठवड्यातून दोनदा. या गोळीतलं साधारण ५४ टक्के औषध असायक्लोव्हिर होऊन रक्तात पोचतं, त्यामुळे या डोसला रक्तातली पातळी शिरेतून दिल्यासारखीच येते. साध्या असायक्लोव्हिरच्या गोळीचं १५-२० टक्केच पोचतं, तिच्यावर सुरुवात करणं म्हणजे तोंडाला पानं पुसणं.
आणि ऊसतोडीच्या दिवसांत रायबाग-चिकोडीचा माणूस दहा दिवस खाटेवर थांबत नाही. चौथ्या दिवशी सुटी मागतो, पुढची चिठ्ठी खिशात राहते.

घटप्रभा:
जो खाटेवर थांबत नाही, तो घरी रोज ५०० च्या बारा गोळ्या गिळणार आहे होय? तीन दिवसांत 'सकाळी एक, रात्री एक' होतंय बघा.
दाखल करायचं ते सलाईनसाठी नाही, बघण्यासाठी. औषध सुरू केल्यावरही पहिले ४८ तास पडद्यावरचे डाग पुढे सरकू शकतात. रोज बाहुली मोठी करून, इनडायरेक्टने (डोक्याला लावायच्या दिव्याने), डोळ्याच्या कडा दाबून पाहावं लागतं. गावाकडून रोज कोण येणार? दुसरं म्हणजे क्रिएटिनिन, किडनीची रक्तचाचणी. तुमची 'किडनी ठीक' ही अट कुठल्या रिपोर्टवर? साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला ६ ग्रॅम लिहून घरी पाठवलं आणि तो दिवसभर शेतात पाण्याविना राहिला, तर औषध अंगात साचून आठवड्यात बडबड, भास सुरू होतात. घरचे म्हणतात डोक्यात गेलं.

टिळकवाडीकर:
किडनीची भीती सलाईनमध्ये जास्त आहे, कमी नाही. १० मिलिग्रॅम प्रति किलो, दर आठ तासांनी. ६० किलोला ६०० मिलिग्रॅम, १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, पूर्ण एक तास. रात्रीच्या पाळीत हे पंधरा मिनिटांत सोडलं जातं आणि औषधाचे स्फटिक किडनीच्या नळ्यांत अडकतात. शिवाय औषध शिरेबाहेर गेलं तर हात सुजतो, कातडी जळते. वयस्कर पेशंटचं क्रिएटिनिन आधी बघायचं आणि डोस कमी करायचा, हे मान्य.

निपाणीचा औषधवाला:
दोघांनीही मोजणी केलेली दिसत नाही. २ ग्रॅम तीनदा, १४ दिवस म्हणजे ५०० च्या १६८ गोळ्या. पुढे १ ग्रॅम तीनदा धरलं तर रोज सहा, तेही कित्येक आठवडे. एका दुकानात एवढा साठा नसतो. चिठ्ठी लिहिताना एकूण गोळ्या लिहा, म्हणजे मागवता येतात. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिकडून लवकर येतात.
गॅनसायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची बाटली येते. १० मिली स्टराईल वॉटर घातलं की मिलीला ५० मिलिग्रॅम. त्यातलं १ मिली घेऊन १.५ मिली सलाईन मिसळलं की मिलीला २०, आणि ०.१ मिलीत बरोबर २ मिलिग्रॅम. पॅराबेन घातलेलं पाणी वापरलं तर गढूळ होतं. औषध फार अल्कलाईन, हातमोजे आणि चष्मा घालूनच मिसळायचं.

खानापूर वेस:
गोळी की सलाईन हे नंतरचं, राव. आपल्या भागात चूक त्याच्या आधी होते. पावसाळ्यानंतर तापाचे पेशंट, आणि दोन-चार आठवड्यांनी नजर कमी. चिकनगुनिया, डेंगी, रिकेट्सिया (गोचिडीसारख्या किड्यांतून येणारा जंतूताप) यांच्यानंतरचा रेटिनायटिस, म्हणजे पडद्याचा दाह, इथे नवा नाही, २००६ च्या चिकनगुनियानंतर कर्नाटकातूनही तो नोंदवला गेला. त्यामुळे पांढरा डाग दिसला की 'तापानंतरचं' म्हणून स्टेरॉईड लिहिलं जातं. ते एआरएन असेल तर डाग आगीसारखा पसरतो.
फरक जागेत आहे. तापानंतरचे डाग बहुधा मधल्या भागात, दृष्टीच्या नसेभोवती, कापसासारखे, अनेकदा दोन्ही डोळ्यांत, सोबत मॅक्युलाला (पडद्याच्या मध्यबिंदूला) सूज. एआरएनचा डाग कडेला, सीमा ठळक, गोलाकार पसरणारा, धमन्या बंद पडलेल्या आणि व्हिट्रियसमध्ये (डोळ्यातल्या जेलीत) पेशींचा धुरळा. कडा दाबून न पाहिलेला डोळा तपासलेला धरू नये. प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या एचआयव्हीत मात्र सूज जवळपास नसते, रक्तस्राव आणि पिवळट पट्टे दिसतात. तिथे सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) आधी मनात आणा. सिफिलिस आणि टॉक्सोप्लाझ्माही याच वेषात येतात, त्यामुळे टीपीएचए (सिफिलिसची रक्तचाचणी) आणि एचआयव्ही चाचणी पहिल्याच दिवशी.

घटप्रभा:
मग पीसीआरचा (विषाणू ओळखणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट आल्याशिवाय औषध नको, असं?

खानापूर वेस:
अजिबात नाही! संशय आला की त्याच तासाला अँटिव्हायरल. पण पहिल्या इंजेक्शनच्या आधी डोळ्याच्या पुढच्या पोकळीतलं ०.१ मिली पाणी पीसीआरसाठी काढून ठेवा. ५ टक्के बीटाडिन, १ मिलीची सिरिंज, ३० गेजची सुई, कडेकडून बुबुळाच्या पातळीला समांतर, टोक बाहुलीवर जाऊ द्यायचं नाही. पुढची पोकळी कोसळायच्या आत सुई बाहेर. नमुना बहुतेकदा वाया जातो तो प्रयोगशाळेत नव्हे, सिरिंजमध्येच: सुईत राहिलेला थेंब पुसून टाकला जातो. सुईसकट रिकामी करा, निर्जंतुक साध्या नळीत, हेपरिन नको, बर्फाच्या डब्यातून पाठवा. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि डाग एआरएनचाच असला, तर औषध थांबवायचं नाही. रिकेट्सियाची शंका असेल तर सोबत डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा चालू ठेवा, स्वस्त आहे. स्टेरॉईडची गोळी अँटिव्हायरल २४ ते ४८ तास पोटात गेल्यावरच. सबटेनन ट्रायमसिनोलोन (डोळ्याच्या गोळ्यामागे टोचायचं स्टेरॉईड) कधीच नको, ते परत काढता येत नाही.

टिळकवाडीकर:
हे मान्य, आणि याने माझी बाजू थोडी मोडते. पाणी काढणं, पहिली टोचणी, पहिले दोन दिवसांचं निरीक्षण, एवढं दाखल करूनच करा. तिसऱ्या दिवशी डाग थांबलेला दिसला तर गोळ्यांवर घरी. दहा दिवस मात्र नाही.

घटप्रभा:
दोन दिवस चालेल, पण डिस्चार्ज कार्डावर दुसऱ्या डोळ्याचं मोठ्या अक्षरात लिहा. तो लागला तर बहुधा सहा आठवड्यांत लागतो, आणि गोळ्या बंद होतात त्याच सुमाराला. पडदा सुटण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर सांगतात, तेही डाग सुकल्यावर, पेशंट 'बरा' म्हणून फिरत असताना. पडदा सुटू नये म्हणून आधीच लेझर मारण्यावर मात्र माझा विश्वास नाही. व्हिट्रियस गढूळ असताना कुठल्या रांगेत मारणार?

खानापूर वेस:
लेझरसाठी वेगळा धागा काढा, इथे रात्र संपेल.