वनप्रमाणपत्रामुळे खासगी जंगल खरंच वाचतं का? तपासायचं कसं?

कातळसडा

संगमेश्वर तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी तीन गावांत मिळून 140 हेक्टरच्या आसपास खासगी जंगल आहे. खातेदार 49, बरेचसे सातबारे सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईत. सगळ्यांचा एक गट करून, रान नीट राखून वापरतो असं प्रमाणपत्र घ्यायचं चाललंय. पर्याय दोन: एफएससी (फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल) या आंतरराष्ट्रीय संस्थेचं गट-प्रमाणपत्र (लाकूड आणि जळाऊ), नाहीतर फेअरवाइल्ड, म्हणजे रानातून गोळा केलेल्या मालाचं प्रमाणपत्र (फक्त बेहड्या-हिरड्याची फळं). पाच वर्षांचा खर्च बाहेरून मिळतोय. पैसे देणाऱ्यांची अट एवढीच की पाच वर्षांनी "प्रमाणपत्रामुळे जंगल वाचलं का" हे आकड्यांत दाखवायचं.

दरवर्षीचा ऑडिट अहवाल जोडला की भागेल, असं गटातल्या काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. तुलना कशाशी करायची, उपग्रहावर किती विसंबायचं आणि पहिली मोजणी येत्या नोव्हेंबरात करायची तर नेमकं काय मोजायचं, हे हवंय. प्रमाणपत्र चांगलं की थोतांड, हा वाद कृपया इथे नको.

रानवाट

ऑडिटने भागणार नाही. ऑडिटर बघतो ते कारभार निकषांप्रमाणे चाललाय का: आराखडा आहे का, तोडीची नोंद आहे का, मजुरांना हेल्मेट-बूट आहेत का, ओढ्याकाठची झाडं सोडली का. प्रमाणपत्र नसतं तर त्याच रानाचं काय झालं असतं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. शिवाय गट म्हटला की नमुना तपासणी आली. ती साधारण सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने निघते, म्हणजे 49 खातेदारांत वर्षाला फार तर सात जागा, छोट्या क्षेत्रांच्या गटाला त्याहूनही कमी. आणि त्याची फी भरणार तुमचाच गट.

तरी अहवाल वाचाच. एफएससीच्या प्रत्येक प्रमाणपत्राचा सारांश त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना खुला असतो. त्यातल्या त्रुटींच्या पानावर जा. किरकोळ त्रुटी सुधारायला साधारण वर्ष मिळतं, गंभीर त्रुटीला तीन महिने. तीच किरकोळ त्रुटी दर दोन वर्षांनी शब्द बदलून परत येत असेल, तर सुधारणा फक्त फायलीत होतेय.

बाहेरच्या देशांतले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मेक्सिकोतल्या एफएससी जंगलांवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंगलतोड कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. इंडोनेशियातल्या कालिमंतानवरच्या 2015 च्या अभ्यासात 2000 ते 2008 या काळात जंगलतोड सुमारे 5 टक्के अंकांनी कमी दिसली. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास गॅबन आणि काँगो प्रजासत्ताकातल्या 14 तोड-क्षेत्रांचा होता. कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) तेरा लाखांवर फोटोंतून निघालं की 100 किलोवरचे सस्तन प्राणी एफएससी क्षेत्रात बिगर-एफएससीच्या 2.7 पट दिसतात. प्रमाणित क्षेत्रांत तोड झाल्यावर रस्ते बंद करतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासतात आणि मजुरांना मांस बाहेरून पुरवतात, म्हणून शिकार घटते. पण हा निकाल प्राण्यांचा आहे, झाडांचा नाही. आणि तिथे हजारो हेक्टरवर एकच कंपनी निर्णय घेते. तुमच्याकडे 49 जण घेणार.

पाणंद

रानवाट यांच्याशी सहमत. आता तुलनेकडे येतो, कारण कोकणात सगळा घोळ तिथेच होतो.

आपली खासगी रानं बहुतेक खुंटावरच्या फुटव्यांची. ऐन, किंजळ, जांभूळ तोडले की खुंटाला फुटवे येतात आणि आठ-दहा ते पंधरा वर्षांनी ठेकेदार परत येतो. आता समजा प्रमाणपत्राच्या तीन वर्षं आधी तुटलेलं रान गटात आलं. पुढची पाच वर्षं तिथे तोडण्यासारखं काही नसतंच. अहवालात "पाच वर्षं शून्य तोड" असं झळकेल आणि त्यात प्रमाणपत्राचं कर्तृत्व काडीचं नसेल. अशी रानंच गटात आधी येतात, कारण मालकाला त्यात काही गमवायचं नसतं.

म्हणून पहिलं काम: प्रत्येक सर्व्हे नंबरला शेवटची तोड कोणत्या वर्षी झाली ते लिहा. वन खात्याकडून मागच्या पंधरा वर्षांचे तोडीचे परवाने आणि वाहतूक पास माहितीच्या अधिकारात सर्व्हे नंबरनिहाय मागवा. विनापरवाना तोड त्यात येणार नाही, ती उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून भरा. मग तुलनेची जागा अशी निवडा की पुढच्या गोष्टी जुळतील:

- शेवटच्या तोडीला झालेली वर्षं (दोन-तीन वर्षांचा फरक चालेल, सात-आठचा नाही)
- ट्रक जाईल अशा रस्त्यापासूनचं अंतर
- उतार
- सातबाऱ्यावरच्या हिस्सेदारांची संख्या. सामाईक रान आपोआपच टिकतं, कारण तोडीच्या संमतीसाठी सगळे कधी एकत्र येत नाहीत. ते श्रेय प्रमाणपत्राला देऊ नका.

तुलनेची जागा अगदी शेजारची नको. तुमच्या गावात दार बंद झालं की ठेकेदार पऱ्ह्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) गावात जातो. तिथली तोड वाढली की तुमचा आकडा उगाच चांगला दिसतो. दोन पट्टे वेगळे धरा: हद्दीपासून दोन किलोमीटरपर्यंतचा पट्टा "तोड सरकली का" हे बघायला, आणि तुलनेची रानं त्याच्या बाहेर, पण त्याच तालुक्यात आणि त्याच लाकूडबाजाराला जोडलेली.

हिशेब असा करायचा. समजा आधीच्या पाच वर्षांत तुमच्या रानात वर्षाला 2.0 टक्के क्षेत्र तुटत होतं, तुलनेच्या रानात 2.1. नंतरच्या पाच वर्षांत तुमचं 0.8 वर आलं, त्यांचं 1.0 वर. "तोड 60 टक्क्यांनी घटली" हे वाक्य खरं आहे, पण प्रमाणपत्राचा वाटा 1.2 वजा 1.1, म्हणजे वर्षाला फक्त 0.1 टक्के अंक. बाकीची घट बाजारामुळे: वीटभट्टीची मागणी कमी झाली असेल, डिझेल वाढलं असेल. अहवालात हे चारही आकडे छापा. एकच टक्का छापणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असं माझं सरळ मत आहे.

कातळसडा

शेवटच्या तोडीचं वर्ष डोक्यातच नव्हतं. 49 पैकी निदान दहा-बारा रानं गेल्या चार वर्षांत तुटलेली आहेत. ती वगळायची का?

पाणंद

गटात ठेवा, हिशेबात वेगळी ओळ करा. तिथे तोड मोजून उपयोग नाही, दुसरी गोष्ट मोजा: फुटवे वाढू दिले, की खुंट काढून काजू लावली.

सॅटेलाइटवाला

उपग्रहाबद्दल. जागतिक वनघटीचे जे तयार नकाशे सगळे वापरतात, ते लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांवरचे, म्हणजे चित्रातला एक चौकोन 30 मीटरचा. आपल्याकडे त्यांचे तीन प्रश्न. एक, काजू, आंबा, रबर, अकेशिया सगळं "वृक्षाच्छादन" म्हणूनच धरलं जातं. दोन, एका चौकोनात घट एकदाच नोंदवली जाते. 2008 ला तुटून वाढलेलं रान 2021 ला परत तुटलं तर दुसरी तोड नकाशात येतेच असं नाही. तीन, विरळणी करून मोठी झाडं नेली आणि वर पानांचं विरळ छत उरलं, तर घट दिसतच नाही.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं घ्या: चौकोन 10 मीटरचा, दर पाच दिवसांनी चित्र. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती काही लागत नाही. फेब्रुवारी-मार्चची चित्रं वापरू नका, पानगळीतला ऐन आणि तुटलेला ऐन सारखेच दिसतात. 15 नोव्हेंबर ते डिसेंबरअखेर ही खिडकी धरा आणि दरवर्षी तीच ठेवा. त्यातही एक मेख आहे: पाऊस लांबलेल्या वर्षी डिसेंबरात सगळंच हिरवं असतं, म्हणून प्रत्येक वर्षाचा आकडा तुलनेच्या रानाबरोबरच वाचायचा, सुटा नाही.

माझी सूचना, आपोआप वर्गीकरणाच्या नादाला लागूच नका. 140 हेक्टरसाठी हातानेच काम होतं. प्रमाणित क्षेत्रात 200 आणि तुलनेच्या क्षेत्रात 200 यादृच्छिक बिंदू टाका. गूगल अर्थवरच्या स्पष्ट जुन्या चित्रांवर प्रत्येक बिंदूला शिक्का द्या: उंच रान, फुटव्यांचं रान, झुडूप, काजू-आंबा, जांभ्याची खाण, मोकळं. लागवड लगेच ओळखू येते: काजू सात-आठ मीटरवर ओळीत, आंबा दहावर. दोन जणांनी वेगवेगळं वाचायचं आणि कुठला बिंदू प्रमाणित क्षेत्रातला हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे प्रत्यक्ष जाऊन बघायचं.

जमिनीवर: गोल प्लॉट, त्रिज्या 17.84 मीटर, म्हणजे 0.1 हेक्टर. दोन्हीकडे निदान वीस-वीस. उतारावर टेप आडवा धरा, जमिनीला टेकवून नको, नाहीतर प्लॉट लहान होतो. 30 सेंमीहून जास्त घेराच्या प्रत्येक खोडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर, उताराच्या वरच्या बाजूने मोजून. आणि खुंटांची वेगळी वही: जात, खुंटाचा घेर, ताजा की जुना, फुटवे किती. निकालाचा अर्धा भाग त्या वहीतच असतो. 150 सेंमीवरच्या घेराची झाडं प्लॉटमध्ये कमी पडतात, ती संपूर्ण क्षेत्रात मोजून क्रमांक द्या. मध्यबिंदूला लोखंडी सळी ठोकू नका, चोरीला जाते. जांभ्याचा तुकडा पुरा आणि दोन मोठ्या झाडांपासून अंतर-दिशा लिहून ठेवा, कारण दाट छताखाली जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतो. प्लॉटच्या जागा खातेदारांना सांगू नका. सांगितल्या की तिथे कोयता चालत नाही, पलीकडे चालतो.

सह्यकन्या

मोजमापाचं सगळं आलं, पण दोन पर्यायांत खरा फरक पैसा कुणाच्या हाती जातो हा आहे.

फेअरवाइल्डमध्ये आधी साधनसंपत्तीची पाहणी लागते: फळं देणारी झाडं किती, सरासरी फळ किती, खालची रोपं किती. त्यावरून किती उचलायचं आणि किती सोडायचं हे ठरतं. त्यात गोळा करणाऱ्यांसाठी वेगळा प्रीमियम निधी (खरेदीदाराने दरावर दिलेली जादा रक्कम) असतो. संगमेश्वर भागात पुण्याच्या एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) संस्थेने बेहडा-हिरड्यावर हे काम केलेलं आहे, त्यांच्याशी बोला. बेहड्याचं वैशिष्ट्य असं की जुन्या, पोकळ झाडांत धनेशाची ढोली असते. तेच झाड फळही भरपूर देतं. म्हणजे उभ्या झाडाला किंमत आली तर वाचतं ते नेमकं मोठं झाड. आणि वृक्षतोडीच्या 1964 च्या कायद्याच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, किंजळ, खैर आहेत, बेहडा नाही. त्यामुळे मोठा बेहडा पहिला जातो.

आता अडचण. फळं गोळा करणारी बाई बहुधा भूमिहीन, झाडाचा मालक अंधेरीला. प्रीमियम तिला, तोडीची सही त्याची. मालकाला काहीच मिळत नसेल तर प्रमाणपत्राने तिचं उत्पन्न वाढेल (तेही हवंच), झाड मात्र वाचणार नाही. म्हणून मालकाशी वेगळा लेखी करार हवा: क्रमांक दिलेलं प्रत्येक मोठं झाड उभं ठेवल्याबद्दल वार्षिक रक्कम, तपासणीनंतरच. मूल्यमापनात दोन्ही रकमा वेगळ्या लिहा.

मालाबद्दल थोडं. बेहडा जमिनीवरून वेचायचा, फांद्या झोडायच्या नाहीत. पडल्यावर दव खात राहिला तर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिनच्या चाचणीत सगळा लॉट परत येतो. दोन-तीन दिवसांआड वेचा, मातीवर न पसरता जाळीच्या मांडवावर वाळवा. हिरड्यात बाळहिरडा टाळा. ते कोवळं फळ, बी धरायच्या आतच तोडलं जातं. ते प्रमाणित मालात मिसळलं तर पाहणीचा सगळा हिशेब बिघडतो. एक लॉट परत आला की पुढच्या वर्षी मालक ठेकेदाराला फोन करतो. जंगल वाचण्याचा धागा इतका बारीक आहे.

रानवाट

एफएससी निवडणार असाल तर जंगल काढून काजू लावण्याबद्दलची अट नीट वाचा. नैसर्गिक जंगल काढून 31 डिसेंबर 2020 नंतर लागवड केलेली जमीन गटात घेता येत नाही. 1994 ते 2020 मधली असेल तर भरपाईच्या अटी लागतात. 49 पैकी एकाने जरी कोपऱ्यात दोन एकर काजू लावली तरी तो प्रश्न गटाचा होतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रबरवाल्यांनाही हीच 2020 ची तारीख युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी आयात नियमात भेटेल. तिथे प्रमाणपत्र पुरेसं नाही, जमिनीचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागतात. काजूगर त्या नियमात नाही.

तिसरा पर्यायही बघून ठेवा: केंद्राची भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना, डिसेंबर 2023 ची, भोपाळच्या आयआयएफएमकडे (भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे). वनाबाहेरच्या झाडांसाठी त्यात वेगळा भाग आहे.

कातळसडा

मग कल फेअरवाइल्ड अधिक मालकांशी करार, असाच होतोय. शेवटचा प्रश्न: तुलनेच्या गावातली माणसं प्लॉट टाकू का देतील? त्यांना काय द्यायचं?

पाणंद

त्यांच्यातलेच दोघे-तिघे मोजणीला घ्या आणि रोजची मजुरी द्या. त्यांच्या रानाचे आकडे त्यांच्या ग्रामपंचायतीला छापून द्या, झाडांच्या जातींच्या यादीसकट. मात्र "पाच वर्षांनी तुम्हालाही प्रमाणपत्र मिळवून देऊ" असं बोलू नका. त्या आशेने ते तोड थांबवतील किंवा उलट आधीच उरकून घेतील, आणि तुमची तुलना दोन्हीकडून गेली. परवानगीचा कागद सरपंचाकडून नको, ज्याच्या रानात प्लॉट पडतो त्या खातेदाराकडून घ्या. त्यात पाचव्या वर्षीच्या मोजणीची परवानगीही आत्ताच लिहून घ्या. मधे जमीन विकली गेली तर नवा मालक कुंपण घालतो.