२५०० नंतर काय? ग्रँडमास्टरने पूर्णवेळ बुद्धिबळावर जगावं का?

अडीच घरं

कुणी ग्रँडमास्टर झाल्याची बातमी आली की तिच्यात वय असतं, शेवटचा नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी) कुठे मिळाला ते असतं, आईवडिलांनी काय काय सोडलं तेही असतं. पुढची वीस वर्षं मात्र कुठल्याच बातमीत नसतात. हा धागा त्या वीस वर्षांबद्दल आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विशीपर्यंत २६५० रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) गाठलं नसेल, तर त्या ग्रँडमास्टरने पूर्णवेळ खेळाडू राहू नये. खेळावं, जरूर खेळावं, पण पोटापाण्याचं दुसरं काहीतरी हाताशी ठेवून.

ग्रँडमास्टर किताबासाठी एकदा २५०० रेटिंग गाठावं लागतं आणि सहसा तीन नॉर्म लागतात. नॉर्मचे मिळून किमान २७ डाव आणि प्रत्येक वेळी कामगिरी २६०० च्या तोडीची. अवघडच आहे. पण १९५० मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, हा किताब पहिल्यांदा दिला तेव्हा मानकरी होते २७, आणि आजवरचा आकडा दोन हजारांच्या आसपास आहे. किताब तहहयात असतो, रेटिंग नसतं. २५०० वाल्याने २३०० वाल्या पोराशी बरोबरी केली की रेटिंगचे अडीच-एक गुण जातात. ते पोर खरं तर २४५० च्या ताकदीचं असतं, रेटिंग तेवढं मागे राहिलेलं असतं. अशी पोरं आता प्रत्येक ओपन, म्हणजे सगळ्यांना खुल्या, स्पर्धेत पहिल्या फेरीपासून समोर येतात.

पैशाचं म्हणाल तर २०२४ च्या सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत २५ लाख डॉलर होते, तेही गुकेश आणि डिंग लिरेन या दोघांत. २०२३ च्या ग्रँड स्विस या मोठ्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस ८० हजार डॉलर, ते विदित गुजराथीने घेतलं. तिथून खाली उतार फार तीव्र आहे. साध्या ओपनमध्ये शेवटच्या फेरीत अर्धा गुण हुकला की पहिल्या तिनातला माणूस दहा-बारा जणांत वाटल्या जाणाऱ्या बक्षिसात जातो. तेवढ्यात प्रवासखर्चही निघत नाही.

मॅक्स ऑयवे गणिताचा शिक्षक होता आणि १९३५ मध्ये त्याने जगज्जेत्या अलेखाइनला हरवलं. सोव्हिएत जगज्जेता बोटविनिक विद्युत अभियंता, ग्रँडमास्टर तैमानोव मैफिली करणारा पियानोवादक. दुसरा व्यवसाय असला की खेळ मरतो, असं काही नाही.

किल्लेकोट

साफ असहमत.

बोटविनिकचं उदाहरण इथे चालतच नाही. सोव्हिएत व्यवस्थेत खेळाडूला सरकारी मानधन होतं आणि स्पर्धेसाठी रजा मिळत होती. त्याला नोकरी सांभाळून खेळणं म्हणायचं असेल तर आपलं बोलणंच खुंटलं. शिवाय तेव्हा ओपनिंगमधली, म्हणजे डावाच्या सुरुवातीची, एखादी नवी चाल महिनोन्‌महिने जपता यायची. आज सकाळी कुणी नवी कल्पना खेळलं की संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांच्या संगणकावर असते. रोज सहा-सात तास दिले नाहीत तर पंधराव्या चालीलाच तुम्ही अनोळखी मुलखात आणि समोरचा अजून घरच्या तयारीतच. अर्धवेळ ग्रँडमास्टर म्हणजे २४०० कडे घसरणारा ग्रँडमास्टर. तुम्ही म्हणता तसं केलं तर २५०० वाले २६५० होणारच नाहीत, आणि मग तुम्हीच म्हणणार, बघा, झाले नाहीत!

आणि ही विशीची अट आणली कुठून? स्मिस्लोव साठी ओलांडल्यावर, १९८४ मध्ये, आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम लढतीत कास्पारोवसमोर बसला होता. गेलफंड २०१२ मध्ये आनंदशी जगज्जेतेपदासाठी खेळला तेव्हा चाळिशी पार होती.

अडीच घरं

@किल्लेकोट, स्मिस्लोव १९५७ चा जगज्जेता. गेलफंडही ऐन विशीत जगातल्या पहिल्या काही जणांत होता. दोघेही म्हातारपणी टिकले, पण वर आले ते तरुणपणीच. मी टिकण्याबद्दल बोलत नाहीये. २५०० वर बरीच वर्षं अडकून मग उशिरा वर गेलेला माणूस दाखवा. मला चटकन आठवतो तो एकच, इगोर्स रौसिस. पन्नाशीनंतर रेटिंग चढत चढत २७०० च्या उंबरठ्यावर आलं आणि २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या स्पर्धेत स्वच्छतागृहात फोन वापरून फसवणूक करताना सापडल्यावर त्याचं उत्तर मिळालं. किताबही गेला.

घड्याळ सुरू

स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा असतो, त्यामुळे पटाच्या या बाजूने थोडं.

तुम्ही दोघं ज्याला पूर्णवेळ खेळाडू म्हणताय तो मधल्या पट्टीत जवळजवळ अस्तित्वातच नाही. २५०० ते २६५० मधले बहुतेक जण शिकवतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये खोलीवर जाऊन लॅपटॉपवर तास घेणारे मी नेहमी बघतो. बाकीची मिळकत म्हणजे युरोपातल्या क्लब लीगमधलं डावागणिक मानधन, मोठ्या खेळाडूचा सेकंड (तयारी करून देणारा मदतनीस) म्हणून काम, रेकॉर्ड केलेले कोर्स. ओपनमध्ये आयोजक प्रवेश फी माफ करतात आणि कधी खोली देतात, पण तीही रेटिंग बघून. २५०० चं २४७० झालं की खोलीबद्दलच्या ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो.

त्यात पुढच्या फेरीत कुणाशी खेळायचं त्या जोड्या रात्री उशिरा लागतात, मग तयारी, सकाळी फेरी. दिवसाला दोन फेऱ्या असल्या की तयारी नावापुरतीच. आणि तीन वर्षं शिकवलेला विद्यार्थी एक दिवस समोर बसतो तेव्हा त्याला तुमची सगळी ओपनिंग पाठ असतात. हे मी विनोदाने लिहीत नाहीये.

म्हणून माझ्या मते मूळ प्रश्नच चुकीचा मांडलाय. दुसरा व्यवसाय त्यांच्याकडे आहेच, प्रशिक्षणाचा. फक्त तो खेळाच्याच वेळेतून कापला जातो.

तिरकी चाल

सगळी चर्चा पुरुषांच्या रेटिंगवर चाललीय, म्हणून मध्ये पडते.

वयाची अट सोडून दिली तरी २६५० ओलांडणाऱ्या बायका आजवर दोनच, युडिट पोल्गार आणि होऊ यीफान. म्हणजे धागाकर्त्यांच्या हिशोबाने बाकी सगळ्यांनी दुसरा धंदा बघायचा! कोनेरू हंपीनेसुद्धा?

दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत टायब्रेकमध्ये हंपीला हरवलं आणि विजेतेपदासोबत थेट किताब मिळाला, वय १९. बक्षीस ५० हजार डॉलर. २०२३ च्या बाकूच्या विश्वचषकात खुल्या गटातल्या विजेत्याला १ लाख १० हजार होते. निम्म्याहून कमी. तरीही या मुली पूर्णवेळ खेळतात म्हणूनच महिला स्पर्धांची पातळी वर चाललीय. व्यवहारी सल्ला ऐकून त्या थांबल्या असत्या तर प्रायोजकांनी आणखी हात आखडता घेतला असता.

अडीच घरं

@तिरकी चाल, तुमचा मुद्दा रास्त आहे. २६५० हा आकडा खुल्या गटासाठी धरा, महिलांच्या स्पर्धांचं अर्थकारण वेगळं आहे. पण तुम्हीच घेतलेलं नाव बघा की. होऊ यीफान एवढ्या उंचीवर असताना ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकायला गेली आणि पुढे शेनझेन विद्यापीठात प्राध्यापक झाली. जिला सगळ्यात कमी गरज होती, तिनेच दुसरी वाट धरली.

तिरकी चाल

आणि मग ती खेळायची कमी झाली. हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

बरोबरीवाला

पैसा, पैसा, पैसा. कार्लसनला पैशाची ददात नव्हती, तरी २०२२ मध्ये त्याने जगज्जेतेपद राखण्यासाठी खेळणार नाही असं जाहीर केलं. कारण? त्या लढतीत आणि तिच्या तयारीत त्याला रस उरला नव्हता. डिंग २०२३ मध्ये जगज्जेता झाला आणि नंतर नैराश्याबद्दल उघडपणे बोलला. शिखरावरची ही गत असेल तर २५४० वाल्याचं काय होत असेल?

या खेळात हरल्यावर बोट दाखवायला कुणी नसतं. खेळपट्टी नाही, पंचाचा निर्णय नाही, सोबत्याने सोडलेला झेल नाही. पाच तास बसून आपणच हरलेलो असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीवर बसायचं असतं. दुसरं काम हवं ते यासाठी. आपण म्हणजे आपलं रेटिंग नव्हे, हे आठवण करून द्यायला काहीतरी लागतं.

किल्लेकोट

@बरोबरीवाला, हे पटलं. पण यावर उपाय नोकरीच आहे का? मित्र, कुटुंब, दुसरा एखादा छंद यानेही ते साधतं. आठवड्याचे पाच दिवस विकायलाच हवेत असं नाही.

माझा खरा आक्षेप क्रमाला आहे. पंधरा ते पंचविशी ही वर्षं परत मिळत नाहीत. पदवी तिशीतही घेता येते, खोलवर गणना करण्याची ताकद तिशीत कमवता येत नाही. केनेथ रोगोफ ग्रँडमास्टर होता, पुढे अर्थतज्ज्ञ झाला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अर्थतज्ज्ञसुद्धा. आधी खेळला, मग वळला. उलट दिशेने गेलेला कुणी सांगा, चाळिशीपर्यंत नोकरी करून मग ग्रँडमास्टर झालेला.

आणि यूट्यूब, स्ट्रीमिंग हे कुणीच कसं काढलं नाही अजून? नाकामुरा त्यातूनही कमावतो आणि खेळतोही अव्वल.

अडीच घरं

नाकामुरा जगातल्या पहिल्या काहीत आहे, २५४० वर नाही. आणि बुद्धिबळाच्या यूट्यूबवरचं सगळ्यात मोठं नाव लेव्ही रोझमन, तो इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली, आहे. त्या धंद्याला ग्रँडमास्टर किताब लागत नाही. बोलता यावं लागतं, कॅमेऱ्यासमोर रोज उभं राहावं लागतं. २७ डाव जिवाच्या आकांताने खेळून मिळवलेली गोष्ट तिथे दुय्यम ठरते.

रोगोफबद्दल मात्र नीट बघा. त्याचं शिक्षण चालूच होतं. एमआयटीची डॉक्टरेट हातात होती म्हणून वळता आलं. बाराव्या वर्षी शाळा नावापुरती ठेवलेल्या पोराला पंचविशीत वळायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची?

किल्लेकोट

मग शाळा सोडू नका म्हणा ना! तेवढं मीही म्हणतो. तुम्ही म्हणताय ते त्याच्या बरंच पुढचं आहे. माझं म्हणणं, २५०० झाल्यावर पाच वर्षं द्या, पूर्ण द्या, आणि आकडा ठरवूनच द्या. पाच वर्षांत २६०० नाही दिसलं तर शिकवायला लागा.

घड्याळ सुरू

पाच वर्षं कुणाच्या खर्चाने, ते आधी ठरवा. आणि ती मुदत संपली हे त्या मुलाला सांगणार कोण? त्याचा प्रशिक्षक? त्याची फी तर ती मुदत वाढण्यावरच चालते.

बरोबरीवाला

+१. आणि २५९० वर असताना मुदत संपली तर?

किल्लेकोट

२५९० वर असलेल्या माणसाला थांबवणारा पंच अजून जन्माला यायचाय. त्याला आणखी एक वर्ष द्या.

अडीच घरं

हेच ते. मधल्या पट्टीत सगळे जण कायम आणखी एका वर्षावर असतात.