छोट्या संशोधन-नियतकालिकांनी सहकारी संस्था काढावी का?

मुद्रितशोधक
एका जिल्हा संशोधन मंडळाच्या त्रैमासिकाला मी हातभार लावतो. आमचे संपादक लेख तपासतात, मुद्रितं वाचतात, पाकिटांवर पत्ते चिकटवतात आणि वर्गणी संपलेल्यांना पत्रंही स्वतःच लिहितात. शेजारच्या जिल्ह्यातल्या मंडळातही एकच माणूस हे सगळं ओढतो. तो थकला की अंक थांबतो. मग बोलीभाषांवरचं, ताम्रपटांवरचं, गावोगावच्या दप्तरांवरचं जे काम दुसरं कुणी छापणार नाही, ते कपाटात पडून राहतं.

माझं म्हणणं असं की दहा-बारा मंडळांनी मिळून सहकारी संस्था नोंदवावी. कोणता लेख घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. अक्षरजुळणी, वर्गणीदारांच्या याद्या, टपाल, जुन्या अंकांचं डिजिटल रूप, डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) ही कामं संस्थेनं करावीत. सहकारच का, तर तिथे एका सभासदाला एकच मत. मोठ्या संस्थेनं पैसे जास्त घातले म्हणून छोट्या मंडळाचा आवाज कमी होत नाही.

हे कधी झालंच नाही असंही नाही. कोट्टयमला १९४५ साली बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ काढला आणि मल्याळम लेखकांना ३० टक्के रॉयल्टी मिळवून दिली.

आणखी एक. सरकारी शिक्षणसंस्थांसाठी देशभर एकच वर्गणी भरणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांकरता सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं विकत घेतली जातात. आपण सुटेसुटे राहिलो तर अशा पैशांचा निर्णय जिथे होतो तिथे आपलं नावही निघणार नाही.

बांधावरून
तळमळ पटते, उपाय पटत नाही. प्रवरेचा कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांच्या कष्टांमुळे आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी होता म्हणून, हे खरंच. पण सभासदाकडे ऊस होता आणि उसाला भाव होता. आपल्याकडे लेखकाला मानधन नाही, वर्गणीदार मोजके, शिल्लक शून्य. तोटा वाटून घ्यायला कोण सभासद होईल?

वर कायद्याची कामं वेगळीच. दरवर्षी लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, सहकार निबंधकाकडे विवरणपत्रं, शिवाय दर पाच वर्षांनी निवडणूक. हे कोण करणार? तोच थकलेला संपादक. आणि कोट्टयमची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या संघाचे मोठे आधारस्तंभ डी. सी. किळक्केमुरी बाहेर पडले आणि १९७४ साली त्यांनी डी. सी. बुक्स ही खासगी संस्था काढली. आज केरळात कोणाचं नाव मोठं आहे ते पाहा.

पानोपानी
मी महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. तुम्ही दोघंही अंक काढणाऱ्याच्या बाजूनं बोलताय, म्हणून विकत घेणाऱ्याची बाजू मांडते. दोनशे-तीनशे रुपयांच्या एका वर्गणीसाठी मला मागणीपत्र, पावती, मंजुरी आणि लेखा विभागाची सही लागते. मोठ्या प्रकाशकाच्या लाखाच्या बिलालाही तेवढेच कागद. पावतीवर शिक्का नसला की बिल परत येतं, मी मंडळाला फोन करते, तो दुपारी कुणी उचलत नाही. तिसरा अंक आलाच नाही तर लेखापरीक्षक मला विचारतो. दोन वर्षं असं झालं की ते नियतकालिक यादीतून जातं. नाइलाजानं मीच काढते आणि वाईट वाटतं.

दहा नियतकालिकांचं एक बिल आणि न आलेल्या अंकासाठी एक माणूस, एवढं मिळालं तर मी दहाही घेईन.

न्यासलेखा
सहकार चांगला की वाईट हे बाजूला ठेवा. बहुतेक मंडळं सार्वजनिक न्यास आहेत. न्यास सहकारी संस्थेचा सभासद होऊ शकतो, पण त्याचा पैसा कुठे गुंतवायचा याला सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३५ ची बंधनं आहेत. सहकारी संस्थेचे भाग विकत घ्यायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल. दहा मंडळांचे दहा अर्ज आणि दहा ठिकाणचे कारकून. त्यापेक्षा एका संस्थेनं काम करावं, बाकीच्यांनी साधा करार करून सेवाशुल्क द्यावं.

माँट्रियालवासी
इथलं उदाहरण देतो. फ्रेंच विद्यानियतकालिकांसाठी एरुदी ही ऑनलाइन प्रकाशन करणारी संस्था १९९८ पासून चालू आहे. इंग्रजीच्या समुद्रात फ्रेंच अंक टिकवणं हे आपल्यासारखंच दुखणं. पण ती सहकारी संस्था नाही, तीन विद्यापीठांनी मिळून चालवलेली आहे. सर्व्हर, पगार, जागा यांमागे विद्यापीठं उभी आहेत. आपली विद्यापीठं हे करणार नसतील तर मंडळांनी एकमेकांचा हात धरून किती अंतर जाईल?

मुद्रितशोधक
विद्यापीठ आलं तर हवंच आहे. पण कुलगुरू बदलले की प्राधान्य बदलतं, आणि तेव्हा मंडळाला मत नसतं. करारातही तेच: ज्या संस्थेकडे काम, तिच्याकडे याद्या. पुढेमागे तिनं दर वाढवले तर बाकीच्यांच्या हातात काय? परदेशातल्या पाच छोट्या विद्याप्रकाशनांनी २०१८ मध्ये स्कॉलरलेड हा एकत्रित गट उभा केला तोही आपापलं संपादन स्वतंत्र ठेवून.

आता जुन्या अंकांचं पाहा. वीसेक वर्षांपूर्वीचे आमचे अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले. पीडीएफमधून ओळ उचलली तर निरर्थक चिन्हं येतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ इथे र अडतो, तळटीपांमधले आकडे उड्या मारतात, रोमन लिपीतल्या संस्कृत अवतरणांचा पार चेंदामेंदा होतो. पानन् पान माणसानं वाचावं लागतं. हे काम जाणणारी दोन माणसं पूर्णवेळ ठेवणं एकाही मंडळाला परवडत नाही. दहांना परवडेल. शिल्लक नसली तरी खर्चातली ही बचत हाच आपला ऊस आहे.

बांधावरून
बचतीचा मुद्दा मानतो. पण त्या अंकांवर हक्क कोणाचा? लेखी हस्तांतर नसेल तर स्वामित्वहक्क लेखकाचा राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांचा. किती मंडळांनी लेखकांकडून कागद घेतलाय? दहा मंडळांचे अंक एकत्र विकायला काढलेत आणि एका वारसानं नोटीस दिली तर दहाही अडकतील.

पानोपानी
जुने अंक थांबू द्यात, चालू वर्गणीचं जोडबिल त्यावाचून अडत नाही. ते न्यासलेखा म्हणतात तसं करारानं एक वर्ष चालवा. सहकारी संस्था नोंदवायला कायद्यानं निदान दहा सभासद लागतात. वर्षअखेर दहा मंडळं टिकली तर नोंदवा. पुढच्या वर्षाच्या मागण्या मी फेब्रुवारीत पाठवते, त्याआधी यादी आणि दर कळवा.

मुद्रितशोधक
कळवतो. नव्या लेखकांकडून घ्यायच्या परवानगीपत्राचा मसुदाही सोबत जोडतो. बांधावरून, तो तुम्ही तपासून द्याल का?