मदत हवी आहे : आईला वाचून दाखवायला हलकीफुलकी प्रेमकादंबरी

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांवर ताण नको म्हणून रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मी तिला मोठ्यानं वाचून दाखवते. ती काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसते, आणि मी पान उलटायला थांबले की लगेच, "वाच की गं पुढं!"

तिला हवी आहे हसवणारी प्रेमकथा, पण नायिका धडपडणारी पाहिजे. नोकरी गेलेली, खोलीचं भाडं थकलेलं, तरी कंबर कसून उभी राहणारी. आणि शेवटी श्रीमंत नवरा मिळाला म्हणून सगळं सुटलं, असं नको. आईनं स्वतः शिवणकामावर घर चालवलंय, तिला ते पटतच नाही.

कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिर या ग्रंथालयात दोन वेळा जाऊन आले. तिथं १८५० पासूनचा संग्रह आहे, पण विनोदी म्हटलं की कथासंग्रह हाती येतात आणि प्रेमकथा म्हटलं की रडकथा. इंग्रजीवरून अनुवादित एक आणली होती. नावं आणि खाण्याचे पदार्थ समजावण्यातच अर्धा तास गेला, विनोद तिथंच मेला.

मोबाईलवरचं किंवा ऑडिओ नको, तिला माझाच आवाज लागतो. छापील पुस्तक, साधारण दोनशे पानांचं, प्रकरणं छोटी. जुनं चालेल. संवाद भरपूर असले तर फारच छान, कारण मोठ्यानं वाचताना लांबलचक वर्णनं जड जातात.

मूळ मराठीत अशी एखादी कादंबरी तुम्ही स्वतः वाचली आहे का, आणि ती कोल्हापुरात कुठं मिळेल?