४५०० आरपीएमच्या वर हातांना मुंग्या: सिंगल सिलिंडर गाडीचं व्हायब्रेशन शोधायला मदत हवी आहे

गाडी १५० सीसीची, एअरकूल्ड, सिंगल सिलिंडर. इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (हादरे कमी करणारा वजनदार दांडा) आहे. ४१ हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपूर्वी क्लच घसरायला लागला म्हणून काम करायला दिली होती. परत आल्यावर आठ-दहा दिवस तीस-चाळीसच्या वेगानेच फिरवली, तेव्हा काही जाणवलं नाही. मोठ्या रस्त्यावर काढली आणि कळलं की ही आपली गाडी राहिलेली नाही.

४५०० आरपीएमपर्यंत (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे) सगळं ठीक. त्याच्या पुढे थरथर वाढत जाते. ५५०० ला आरशात मागे ट्रक आहे की मोटार, तेही ओळखता येत नाही. अर्ध्या तासात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, फुटरेस्टवर तळव्यांना झिणझिण्या येतात. आयडलिंग मात्र पूर्वीसारखंच. पिकअप, अ‍ॅव्हरेज, आवाज, कशातही फरक नाही. ठकठक अजिबात नाही.

टायरची हवा, चेनचा ढिलेपणा, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) एवढं बघून झालं. शिवाय तीन चाचण्या घरीच केल्या. ६० च्या वेगाला पाचव्या गिअरमधून चौथ्यात आलो, तर वेग तोच असूनही थरथर वाढली. ७० ला असताना क्लच दाबून इंजिन आयडलवर सोडलं, तर गाडी लोण्यासारखी. आणि स्टँडवर न्यूट्रलमध्ये रेस केली तर थरथर तशीच. म्हणजे चाकं, टायर, चेन, स्प्रॉकेट यांच्यावरचा संशय मी तरी काढून टाकला आहे. चूक असेल तर सांगा.

पहिल्या मेकॅनिकचं म्हणणं, "सिंगल आहे, हादरणारच." दुसऱ्याचं, "क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) गेली, इंजिन उतरवा." एकाच्या मते काही झालेलं नाही आणि दुसऱ्याच्या मते सगळंच गेलंय. इंजिन खोलण्याआधी काय काय तपासता येईल?

प्रतिसाद १

चाचण्या बरोबर केल्यात, चाकांकडे परत जाऊ नका. आता इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट (इंजिन चेसिसला धरून ठेवणारे) बघा. नुसता पाना लावून "घट्ट आहे" म्हणू नका. ब्रॅकेट आणि चेसिसच्या जोडाजवळ तांबूस बारीक पूड दिसते का, रंग घासून चकचकीत झालाय का ते बघा. तसं असेल तर तिथे दोन भाग एकमेकांवर घासतायत. टॉर्च घेऊन वेल्डिंगच्या कडाही बघा, केसाएवढी चीरही पुरते.

बोल्ट एकेक करून आवळू नका. सगळे ढिले करा, इंजिन थोडं हलवून त्याच्या जागी बसू द्या, सगळे बोल्ट हाताने जातायत ना ते बघा आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. एखादा बोल्ट हातोडीने ठोकून घालावा लागत असेल तर इंजिन ताणात बसलंय, ती थरथर थेट चेसिसमध्ये उतरते. सायलेन्सरचंही तेच. तो ओढूनताणून बसवलेला नको.

प्रतिसाद २

हँडलच्या टोकांची वजनं जागेवर आहेत ना? शोभेची वाटतात, पण हँडल कुठल्या आरपीएमला झणझणायचं ते त्यांच्यावर ठरतं. माझं एक पडलं होतं आणि मी महिनाभर इंजिनाला शिव्या देत होते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. वजनं दोन्ही आहेत. बोल्ट सांगितल्याप्रमाणे सोडून पुन्हा आवळले. मागचा खालचा पाव फेरा ढिला निघाला. फरक पडला, पण रुपयात चार आणे. ५५०० ला आरसा अजून धुरकटच.

एक गंमत. मोबाइलमधलं कंपन मोजायचं अ‍ॅप लावून बघितलं. ४५०० ला ते २५ हर्ट्झ दाखवतं आणि ५५०० ला ८. आरपीएम वाढला की कंपन मंदावतं, हे कसं?

प्रतिसाद ३

मंदावत नाही, फोन फसतोय. तुमचं अ‍ॅप सेकंदाला १०० वेळा मोजत असणार. अशा मोजणीत ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही, ते उलटं दुमडून खाली येतं. ४५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ७५ फेरे, १०० मधून ७५ गेले की २५. ५५०० म्हणजे जवळपास ९२, उरले ८. सिनेमात पंखा उलटा फिरताना दिसतो, तसंच. पण या फसवणुकीतूनही एक कामाची गोष्ट कळते: तुमचं कंपन क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा होतंय. मिसफायर किंवा पेटण्यातली गडबड असती तर ते दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे निम्म्या वारंवारतेने ठळक दिसलं असतं. (आणि तो फोन हँडलवर कायमचा लावू नका. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, हे खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये सांगितलं आहे.)

आता मूळ मुद्दा. पिस्टन वरखाली जाताना जो झटका देतो, तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पिस्टन, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून पाव किलो आणि स्ट्रोक ५८ मिमी धरा. ३००० ला झटका साधारण ७३ किलोच्या वजनाइतका, ६००० ला तो २९० च्या वर जातो. म्हणूनच आयडलिंगला काही कळत नाही. यातला साधारण निम्मा भाग क्रँकवरचं वजन तोलतं, आणि त्यातून जे उरतं ते क्रँकच्याच वेगाने उलट फिरणारा बॅलन्सर खाऊन टाकतो. मात्र त्याची वेळ क्रँकशी अचूक जुळलेली हवी. दोघांच्या गिअरवर टिंब असतं, ती टिंबं समोरासमोर आली पाहिजेत.

समजा गिअरला ३६ दात आहेत आणि एक दात चुकला. मग बॅलन्सर १० अंशांनी मागे किंवा पुढे, आणि त्याने खायच्या झटक्यातला सुमारे १७ टक्के भाग शिल्लक राहतो. ६००० ला हे जवळपास २५ किलो, तेही सेकंदाला शंभर वेळा. आवाज येत नाही, कारण दात नीटच बसलेले असतात, फक्त चुकीच्या घरात. पिकअपही जात नाही, कारण व्हॉल्व्ह आणि इग्निशन जागच्या जागी असतात.

म्हणून एकच विचारतो: क्लचच्या कामात फक्त प्लेटा बदलल्या, की क्लचची बेलही (प्लेटा ज्यात बसतात ती बाहेरची वाटी) काढली? नुसत्या प्लेटा बदलताना बॅलन्सरला हात लागत नाही. पण बेल निघाली, तिच्यासोबत क्रँकवरचा प्रायमरी गिअरचा (क्लचला फिरवणाऱ्या गिअरचा) मोठा नट सुटला, आणि तुमच्या इंजिनात बॅलन्सरचा गिअर त्याच्याच मागे असेल, तर माझा संशय पक्का. काही इंजिनांत ही जोडी केसच्या आत असते, तिथे हा प्रश्नच येत नाही. मॅन्युअलमधलं चित्र आधी बघा.

क्रँकबद्दल: ती वाकली असती किंवा बेअरिंग गेलं असतं तर सहसा घरघर किंवा ठकठक ऐकू आली असती, आणि क्लचच्या कामाच्या दिवसाचाच मुहूर्त तिने धरला नसता. इंजिन उतरवू नका.

प्रतिसाद ४

माझीही हादरते. मी सवय लावून घेतली :)

(गंभीरपणे: बोअर-पिस्टन कधी झालंय का? बाहेरचा पिस्टन मूळच्यापेक्षा जड असला तरी तोल बिघडतो. जुना असेल तर दोन्ही काट्यावर ठेवून बघा.)

धागाकर्ता

पिस्टन मूळचाच आहे. पण क्लचचं काम करणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "बेलच्या कडांना खाचा पडल्या होत्या, बेल बदलली की." मला सांगितलं नव्हतं, बिलात नुसतं 'क्लच सेट' लिहिलंय. प्रायमरी गिअर काढला होता का, यावर "काढावाच लागतो."

रविवारी मित्राबरोबर उजवं कव्हर उघडलं. ऑइल काढलं, क्लच बाहेर घेतला, पिस्टन वरच्या टोकाला आणला. बॅलन्सरचं टिंब क्रँकच्या टिंबासमोर नव्हतं, शेजारच्या दातासमोर होतं. बरोब्बर एक दात. टिंबं इतकी बारीक की काळ्या ऑइलखाली पुसल्याशिवाय दिसली नाहीत, त्यामुळे चूक झाली यात नवल नाही. हादरते म्हटल्यावर परत उघडून बघितलं नाही, याचा राग आहे.

टिंबं जुळवली, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा तपासली, नवं गास्केट लावलं, प्रायमरीचा नट टॉर्क रेंचने आवळला. काल ६००० ला आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता आली. ५२०० च्या आसपास फुटरेस्टला थोडी झिणझिण उरली आहे, ती बहुतेक झिजलेल्या रबराची.

आता शेवटची शंका. दोन महिने, साधारण ११०० किलोमीटर, गाडी अशीच चालली. आत काही खराब झालं असेल का?

प्रतिसाद ३

घरघर नाही, ऑइलमध्ये धातूचे कण नाहीत, तर बॅलन्सरच्या बेअरिंगची काळजी करू नका. त्रास बाहेरच्या गोष्टींना जास्त होतो. मागच्या दिव्याचा बल्ब, नंबर प्लेटचे स्क्रू, सायलेन्सरची कवचं, बॅटरीचे टर्मिनल, सगळं एकदा हलवून बघा. तो मागचा खालचा बोल्ट ३०० किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, पुन्हा तपासा. परत ढिला निघाला तर नट बदला, त्याची पकड गेलेली असेल.

धागाकर्ता

बल्बचं खरं निघालं. ब्रेक लाइटची फिलामेंट तुटलेली आहे, कधीपासून कोण जाणे.