‘काही लागलं तर सांग’च्या पुढे काय झालं?

पुणे

माझे वडील ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. २०१९ मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. दिवस कसाबसा जायचा, पण संध्याकाळी साडेपाच झाले की ते चपला घालून दाराशी उभे. ‘डेपोत जायचंय, गाडी लागली असेल.’ दार लावलं की ओरडायचे, ढकलायचे. ज्या माणसाने मला लहानपणी कधी चापट मारली नाही, त्याचा हात माझ्यावर उठायचा. नातेवाईक फोनवर म्हणायचे, ‘काही लागलं तर सांग हं.’ मनापासूनच म्हणायचे. पण मला काय लागतंय हे मलाच कळत नव्हतं, आणि कळलं तरी मागायचं त्राण नसायचं.

दिवाळी अंकांच्या वेडापायी ऑनलाइन ओळख झालेल्या आम्ही सात-आठ जणी आहोत. त्यातली एक मिरजेची. तिच्या आईला हाच आजार होता. एका रात्री तिने विचारलं, ‘कामावर असताना बाबांच्या हातात काय असायचं गं?’ मी म्हटलं, तिकिटांची पेटी आणि चिमटा. दहा दिवसांनी कुरियर आलं. तिच्या शेजारच्या निवृत्त कंडक्टरकाकांनी जपून ठेवलेला चिमटा, आणि तिने स्वतः कापलेल्या रंगीत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे गठ्ठे. त्या संध्याकाळी बाबा सोफ्यावर बसले आणि टिकटिक करत पट्ट्यांना भोकं पाडू लागले. ‘पुढे सरका, पुढे सरका’ असं मला म्हणाले. मी सरकले, तिकीट घेतलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

रोज जमायचं असं नाही. पण आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी निभायच्या. अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावायचे, त्यांच्याशी वाद घालायचा नाही, ‘गाडी उशिरा आहे बाबा, चहा घेऊ या’ म्हणायचं, हेही तिनेच शिकवलं. ती मला तोवर एकदाही प्रत्यक्ष भेटली नव्हती.

बाबा गेल्या श्रावणात गेले. मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमच्या अडचणीत दूरच्या, कधी न भेटलेल्या मित्रमैत्रिणींनी नेमकं काय केलं? काय उपयोगी पडलं, काय टोचलं? नावं नकोत, गाव पुरे. ज्यांचं अजून चालू आहे त्यांनीही लिहा. त्यांनी तर आधी लिहा.

सांगली

माझ्या नवऱ्याला रक्ताचा कर्करोग. उपचार मुंबईत, परळला. आम्ही सांगलीचे, मुंबईत ओळखीचं एक माणूस नाही. केमोनंतर प्लेटलेट इतक्या खाली जायच्या की दर दोन-तीन दिवसांनी एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट, द्याव्या लागायच्या.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. बाटलीतलं रक्त महिनाभर टिकतं, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. म्हणून साठा करून ठेवता येत नाही, दाता पुन्हा पुन्हा लागतो. दात्याला दीड-दोन तास मशीनला जोडून बसावं लागतं, त्याच्या हाताची शीर चांगली जाड हवी, आधी तपासणी, आणि मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. म्हणजे चौघांना विचारावं तेव्हा एक उभा राहतो. मी नवऱ्याच्या उशाशी बसून अनोळखी लोकांना फोन करायचे. एकाने ‘ताई, आज जमणार नाही’ म्हटलं की पुढचा नंबर लावायला बोट उचलायचं नाही.

आमचा भरतकामाचा गट आहे. कर्नाटकी कशिदा, कांथा, जे येईल ते एकमेकींना दाखवायचो. तिथे मी फक्त एवढंच लिहिलं होतं की काही दिवस मी दिसणार नाही. डोंबिवलीच्या एकीने खोदून विचारलं. मग म्हणाली, ‘रक्तगट सांग, रक्तपेढीची वेळ सांग, आणि आता फोन खाली ठेव.’ तिने तक्ता केला. सोमवारी हिचा दीर, बुधवारी तिच्या ऑफिसातला मुलगा, शुक्रवारी राखीव दोघं. डोंबिवली, ठाणे, विरार, कुठून कुठून लोक लोकल पकडून आले. ४३ दिवसांत मी एकही फोन केला नाही. मला फक्त आदल्या रात्री निरोप यायचा: ‘उद्या साडेनऊ, निळा शर्ट.’

त्या निळ्या शर्टाला मी नाव विचारलं नाही याची रुखरुख आहे. नवरा आता घरी आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी.

बेळगाव

सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मी मोजके जण सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सल्ले आले. पुढच्या वेळी काळजी घे. अमुक देवीला नवस बोल. तुझं वय अजून काही गेलेलं नाही. सगळ्यांना पुढच्या बाळाचीच घाई होती.

एका मैत्रिणीने (आम्ही एका ऑनलाइन संस्कृतच्या वर्गात भेटलो, ती इंदूरला असते) एवढंच विचारलं, ‘नाव काय ठरवलं होतंस?’

मी सांगितलं. ती दर वर्षी त्या तारखेला ते नाव लिहून पाठवते. पाच वर्षं झाली.

यवतमाळ जिल्हा

२०१७ ची गोष्ट. त्या वर्षी विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती. बोंड वरून धडधाकट दिसे, फोडलं की आत अळी आणि काळी पडलेली सरकी. चार एकरांत फवारणीवर फवारणी केली. आमच्याच जिल्ह्यात त्या मोसमात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, म्हणून बायको मला वावरात जाऊ देईना, आणि पीक तर डोळ्यांसमोर जात होतं. सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचं.

आम्ही शेतकरी पोरं मोबाइलवर एकमेकांना पिकाचे फोटो पाठवत असू. एका रात्री दोनच्या सुमाराला मी तिथे लिहिलं, ‘आता काही खरं नाही. माफ करजा.’ लगेच फोन वाजला. जालन्याचा एक जण, तोंडओळखही नव्हती. मला वाटलं आता हा समजावणार, बायकापोरांचा विचार कर म्हणणार. तर त्याने विचारलं, ‘जेवला का?’ मी म्हटलं, नाही. ‘घरात काय आहे?’ मी म्हटलं, भाकर असंल. ‘मग फोन चालू ठेव, भाकर घे, खा. मी ऐकतो.’ मी खाल्ली. मग त्याने सरळ विचारलं, ‘जीव द्यायचं डोक्यात आहे का?’ मी हो म्हटलं. त्याआधी हे मी कोणालेच बोललो नव्हतो. तो म्हणाला, ‘घरात औषधाचे डबे कुठं आहेत? वहिनीला उठव, तिच्या हातात दे, ती शेजारी नेऊन ठेवील. मी लाईनवर आहे.’ बायकोले उठवलं. तिने डबे उचलले तेव्हा तिचे हात कापत होते, ते मला आजही दिसतात.

तो उजाडेपर्यंत बोलत राहिला. बैलांबद्दल, त्याच्या म्हाताऱ्या बापाबद्दल, पाण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीने माझ्या गावात उतरला. चार दिवस राहिला. कर्जाचे कागद बघितले, माझ्यासोबत सोसायटीत आला, साहेबापुढे मी गप्प झालो की तो बोलायचा. पैसे त्याच्याकडेही नव्हते. एक रुपया दिला नाही त्याने, आणि मी त्याचं किती देणं लागतो ते मोजता येत नाही.

नाशिक

यवतमाळच्या दादांनी लिहिलंय त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून मध्येच बोलते. मी समुपदेशनाचं काम करते. समोरच्याला जीव द्यायचा विचार येतोय का, हे सरळ विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, असं वाटतं. तसं होत नाही. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं, कारण कुणीतरी ते नाव घेऊन बोललं. आणि घातक वस्तू हाताशी राहू न देणं, हे जालन्याच्या त्या माणसाने न शिकता केलं. त्या काही तासांत यासारखं उपयोगी दुसरं क्वचितच काही असतं.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी करा किंवा दुसऱ्याची काळजी वाटत असेल तरी करा. आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते.

टोरांटो

आई संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला. एप्रिल २०२१, करोनाची दुसरी लाट. मला निघायचं होतं, पण २२ एप्रिलला कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली. गेलो तर परत कधी येणार, इथे बायकोचे दिवस भरत आलेले. मी थांबलो. आई २७ तारखेला गेली.

शब्दकोडी सोडवणारा आमचा गट होता, दहा-बारा जण. त्यातले एक काका आणि काकू औरंगाबादचे. मी त्यांना काका म्हणायचो ते फक्त वयामुळे. काका पीपीई किट घालून स्मशानात गेले. काकूंनी मला आधीच विचारून ठेवलं होतं की आईला कुठली साडी आवडायची. नेसवणं शक्य नव्हतं, साडी वरून ठेवता येते का ते बघते म्हणाल्या. तेही झालं नाही. ‘झालं नाही रे,’ असं त्यांनी मला खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला असता, आणि म्हणूनच त्या खऱ्याची मला किंमत आहे.

अस्थी त्यांनी अंगणातल्या आंब्याला टांगल्या. रोज तिथे दिवा लावला. मी नोव्हेंबरात पोचलो, सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन. पैठणला गोदावरीत विसर्जन केलं तेव्हा काका माझ्या शेजारी पाण्यात उभे होते. ती साडी काकूंनी धुऊन, घडी करून ठेवली होती. आता ती माझ्या मुलीची दुलई आहे.

ठाणे

नवऱ्याची दारू. १४ वर्षं. माझ्या माहेरचे, मैत्रिणी, सगळे त्याला शिव्या द्यायचे. मला बरं वाटावं म्हणूनच देत असणार. पण दोन दिवसांनी तो माफी मागायचा, मी त्याला घरात घ्यायचे, आणि मग शिव्या देणाऱ्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. असं करत एकेक जण तुटला.

माझी एक ऑनलाइन मैत्रीण आहे. तिने त्याच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. चांगलाही नाही. ती फक्त माझं विचारायची. झोपलीस का, आज मार बसला का, मुलगी कुठे आहे, पैसे वेगळे ठेवलेस का. म्हणून तिच्याकडे परत जायला लाज वाटली नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राबद्दल तिनेच सांगितलं, आणि तिथे दारुड्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे हेही. नवरा तयार व्हायच्या आधी मीच जाऊन बसले. तो पुढे ३५ दिवस राहून आला. दोनदा घसरला. सध्या अकरा महिने झालेत, मी दिवस मोजत नाही असं म्हणते, पण मोजते.

कोल्हापूर

मी मदत करणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो, कारण ते कुणी बोलत नाही.

आमच्या ट्रेकच्या ओळखीतल्या एकानं वडिलांच्या ऑपरेशनसाठी पैसे मागितले. आम्ही तीस-पस्तीस जणांनी त्याच्या खात्यावर घातले. नंतर कळलं, ऑपरेशन नव्हतंच. पैशापेक्षा हे लागलं की त्यानंतर महिन्याभरानं दुसऱ्या एकाची बायको खरोखरच अतिदक्षता विभागात होती, आणि कुणी हात पुढं केला नाही. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं, ‘मी खोटं बोलतोय असं वाटतंय का रे?’ त्याला काय उत्तर द्यायचं?

तेव्हापासून आमचं ठरलंय. पैसे माणसाच्या खात्यावर नाहीत, थेट हॉस्पिटलच्या बिलात किंवा औषधांच्या दुकानात भरायचे. गावातला एक जण समोर जाऊन भेटून येणार. संशय म्हणून नव्हे, डबा घेऊनच जायचं. त्यानं मागणाऱ्याचीही मान राहते.

आणि थकवा येतो हो. मी दोन वर्षं एका मित्राचे रात्रीचे फोन घेतले, शेवटी माझीच झोप गेली. मग त्याला सांगितलं, अकरानंतर दुसरा मित्र घेईल, सकाळी सातला मी. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती. तो म्हणाला, ‘बरं झालं, मलाच तुझी काळजी वाटत होती.’

पिंपरी

वय ४७, नोकरी गेली. दोन महिने घरी सांगितलं नाही. डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो. बुद्धिबळ खेळताना ऑनलाइन ओळख झालेल्या जळगावच्या मित्राला कळलं, कारण मी भर दुपारी खेळत होतो. तो म्हणाला, ‘आज घरी सांग. सांगून झालं की मला फक्त एक प्यादं पाठव.’ त्या रात्री पाठवलं.

लातूर

हे सगळं वाचत होते. लिहावं की नाही कळत नव्हतं. माझ्या आईचं उद्या सकाळी नऊ वाजता हृदयाचं ऑपरेशन आहे. वडील नाहीत, भाऊ दुबईत, त्याला रजा मिळाली नाही. मी एकटीच आहे. सह्या माझ्याच आहेत. पुण्याच्या ताईंनी लिहिलंय, ज्यांचं चालू आहे त्यांनी आधी लिहा, म्हणून लिहिलं. काही नको, फक्त सांगितलं.

औसा

अगं, मी औशाची, वीस किलोमीटरवर. हॉस्पिटल आणि मजला मला वेगळा निरोप करून कळव, इथे नको. पहिल्या गाडीने निघते, सातला तुझ्याजवळ. चहा थर्मासमधून आणते, साखर किती घालू?

लातूर

दोन चमचे.