८० नाणी हाताशी, आणि म्हणे १० लाख पाडली? हा हिशोब मला पटेना

फोल्डिंगवाली

मी सोलापूरची, टॉवेलच्या कारखान्यात फोल्डिंगला बावीस वर्षं झाली. इतिहासाशी माझा संबंध नाही, पण यंदा गड्ड्याच्या जत्रेत एक गंमत झाली.

होम मैदानावर एकाने परातीत ‘सिकंदरचं नाणं’ म्हणून चकाकणारी नाणी मांडलेली, दीडशेला एक. एका बाजूला सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लिस, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर झ्यूस, हातावर गरुड. मी दोन उचलली तर दोघांच्याही नाकावर एकाच जागी टवका! तिसरं बघितलं, त्यालाही. मी चौथं उचलायच्या आत त्याने परातीवर फडकं टाकलं.

भाचा इतिहासात एमए करतोय. तो म्हणाला, मावशी, टवका तोच आणि कडेचा आकारही तोच, म्हणजे ओतीव नकला. खरी नाणी ठशाने, म्हणजे चित्र कोरलेल्या धातूच्या तुकड्याने, हातोडा मारून ठोकलेली असतात, एकाच ठशाची असली तरी चित्र थोडं इकडेतिकडे सरकतं. मग म्हणाला, अभ्यासक असेच ठसे जुळवून मोजतात आणि त्यावरून त्या काळी किती नाणी पाडली ते काढतात. एका टांकसाळीची ८० नाणी हाताशी, आणि त्यावरून पाडली म्हणे १० लाख!

ठसे ओळखणं मला पटलं. मी पण टॉवेलची कड बघून माग सांगते. सतरा नंबरच्या मागाच्या फणीचा एक दात वाकलाय, त्याच्या प्रत्येक टॉवेलला डाव्या कडेपासून चार बोटांवर उभी रेघ येते. पण जे टॉवेल माझ्या टेबलावर आलेच नाहीत त्यांचे माग मी कसे मोजणार? ती नाणी तर बहुतेक वितळून गेली असतील. मग १० लाख कुठून आणले?

आकडेमोड

मावशी, टेबलावरच्या टॉवेलांत एकच माग किती वेळा परत येतो, ते बघायचं. दहा टॉवेल घेतले आणि दहा वेगळे माग निघाले, तर शेडमध्ये अजून किती आहेत देव जाणे. दहांत तीनच माग फिरून फिरून आले, तर शेड लहान.

आता समजा एका टांकसाळीची ८० नाणी मिळाली आणि त्यांत दर्शनी बाजूचे ३२ ठसे दिसले. त्यातले १३ ठसे एकेकदाच आले. संख्याशास्त्रज्ञ आय. जे. गुड यांनी १९५३ साली मांडलेला नियम सोपा आहे: एकुलत्यांना एकूण नाण्यांनी भागा. १३ भागिले ८०, म्हणजे १६ टक्के. न दिसलेल्या ठशांनी पाडलेली नाणी एकूण उत्पादनाच्या एवढीच. उद्या ८१वं नाणं सापडलं, तर ते ओळखीच्या ठशाचं निघण्याची शक्यता ८४ टक्के.

ठशांची संख्या हवी असेल तर गणितज्ञ वॉरन एस्टी यांचं सूत्र: (८० × ३२) ÷ (८० − ३२) = ५३. म्हणजे २१ ठसे आपण पाहिलेच नाहीत. पण गंमत बघा, ५३ पैकी २१ ठसे आणि त्यांची नाणी फक्त १६ टक्के! लवकर फुटलेले ठसे ते.

दर्शनी बाजूच मोजतात, कारण तो ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. वरचा ठसा हातात धरून त्याच्यावर घाव घालत, तो आधी जाई. वरचे ठसे मोजले तर आकडा फुगतो.

सराफकट्टा_तिसरी_पिढी

ठसे मोजले इथपर्यंत ठीक. पण एका ठशावर नाणी किती, हे कुणी सांगायचं? आमच्याकडे पुतळीच्या पानांचे आजोबांच्या वेळचे ठसे अजून डब्यात आहेत. त्यातला एक अजूनही लख्ख उठतो. त्याच्याच जोडीने केलेला दुसरा पहिल्याच आठवड्यात तडकला होता, तोही आजोबांनी जपून ठेवलाय, का ते त्यांनाच माहीत. आणि आमचे पोलादी. ग्रीकांचे सापडलेले ठसे बरेचसे काशाचे आहेत.

आकडेमोड

दुखणं नेमकं तिथेच आहे. एक धागा ग्रीसमधल्या डेल्फीचा आहे. शेजारच्या फोकिस प्रांतातल्या लोकांनी तिथलं देवस्थान लुटलं, युद्ध हरल्यावर त्यांच्यावर दंड बसला. पुढे इ.स.पू. ३३६ च्या सुमारास देवस्थान सांभाळणाऱ्या ग्रीक राज्यांच्या संघाने जुनी नाणी गोळा करून, वितळवून नवी पाडली, आणि किती चांदी घातली ते दगडावर कोरून ठेवलं. त्या नाण्यांचे ठसे मोजून नाण्यांचे अभ्यासक फिलिप किन्स यांनी दर्शनी ठशामागे साधारण २३ ते ४७ हजार नाणी असा हिशोब काढला. दुसरे अभ्यासक फ्राँस्वा द कालाताय सरासरी २० हजार धरतात.

५३ × २०,००० = १०,६०,०००, मावशींचे १० लाख ते हे. चार द्राख्मांचं नाणं सुमारे १७.२ ग्रॅम, म्हणजे १८ टन चांदी. ग्रीक हिशोबाने १,५०० नाण्यांचा एक टॅलंट, म्हणजे सुमारे ७०० टॅलंट.

बिनहिशोबी

आणि १० हजार धरले तर साडेतीनशे टॅलंट, ४० हजार धरले तर चौदाशे. नाण्यांचे अभ्यासक टी. व्ही. बट्री १९९३ मध्ये हेच म्हणत होते की ठसा किती चालला हे माहीत नसताना एकूण आकडा सांगणं म्हणजे कल्पनेचे इमले. डेल्फीचं उदाहरण एकुलतं एक, तेही देवस्थानचं. शिवाय ठसा संपेपर्यंत वापरलाच असेल कशावरून? चांदी संपली की काम बंद, ठसा तसाच. त्यापेक्षा एकाच टांकसाळीची दोन दशकं तोलून बघा. आधी ३० ठसे, नंतर ९०, तर काम तिप्पट वाढलं, एवढं बोला.

नाशिकजवळचं जोगळटेंभीचं घबाड आठवा. १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नुसते ठसे मोजणारा म्हणेल केवढी चांदी आणली! चांदी नहपानाचीच होती.

फोल्डिंगवाली

काल रात्रपाळीचा माल आला होता, त्यातले ६० टॉवेल हाताला येतील तसे काढले. २६ माग निघाले. तुमच्या सूत्राने ४६ येतात. शेडमध्ये माग आहेत ३०! एवढी चूक कशी काय ओ?

आकडेमोड

सूत्र ठशांसाठी आहे, मागांसाठी नाही. कुणी पहिल्या दिवशी फुटतो, कुणी वर्षभर चालतो, हे त्यात धरलेलं आहे. तुमचे माग सगळे सारखंच विणतात. सारखं उत्पादन धरून मांडलं, तर ६० टॉवेलांत २६ दिसायला ३० माग लागतात. अगदी तुमचाच आकडा. टांकसाळीत नेमकं काय धरायचं, यावरही वाद आहेतच.

आणि एक. सगळा माल एकाच पाळीचा होता. एका घबाडातली नाणीही तशीच फसवतात. टांकसाळीतून निघून थेट मडक्यात गेलेल्या ढिगात एकाच ठशाची पुष्कळ सापडतात.

फोल्डिंगवाली

थांबा, थोडा घोळ झालाय. त्या २६ मध्ये एक कड मला ओळखू येईना, म्हणून मी ती नवीन माग म्हणून धरली. आत्ता जॉबर (मागांची देखभाल करणारा) म्हणतो, सतराची फणी रात्री दोन वाजता बदलली. रेघवाले टॉवेल आधीचे, बिनरेघेचे नंतरचे. सतरा नंबर दोनदा मोजला गेला.

सराफकट्टा_तिसरी_पिढी

ठसा घासून परत कोरला की आमच्याकडेही असंच होतं. पोरं त्याला नवा समजतात.

फोल्डिंगवाली

म्हणजे २५ धरा आणि परत मांडा.

आकडेमोड

२८.